सगळ्या गल्लीचं एकच खातं

जठारपेठेतल्या आमच्या गल्लीत शकुनबाईचं घर कोणतं, हे पूर्वी कोणाला सांगावं लागत नसे. भांडणाचा आवाज येईल तिकडे वळायचं, बस. शकुनबाई मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकीण. एवढ्या पोरींना पंगतीत दाबात ठेवायचं म्हणून आवाज कमावलेला. तिचा नवरा देवमनभाऊ कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. तिथे मशीनच्या घरघरीत माणूस कुजबुजला तरी ओरडूनच कुजबुजतो. म्हणजे घरात दोन भोंगे, आणि दोन्ही चालू.

भांडायला विषय लागत नसे. भाजीत मीठ, नळाचं पाणी, कूलरमध्ये कोणी पाणी टाकायचं, मत कोणाला द्यायचं, काहीही चालायचं. एकदा जोर ओसरला की देवमनभाऊ स्वतः उठून चहा मांडायचे आणि दोघं दारात बसून पीत बसायची. मी समोरच राहते. जन्मभर मास्तरकी केली, त्यामुळे गल्ली मला नुसतं ‘बाई’ म्हणते. खोटं कशाला बोलू, त्या दोघांचं भांडण ऐकल्याशिवाय मला दुपारी झोप लागत नसे.

मग जिनिंगच्या त्या घरघरीनं देवमनभाऊंचे कान खाल्ले. आधी डावा गेला, मग उजवा. शकुनबाई बोलायची आणि समोरून नुसतं गोड हसू यायचं. माणूस बायकोच्या शिव्यांवर हसायला लागला की संसाराची मजा संपली, हे मला तिच्याकडे पाहून कळलं. एका दुपारी ती माझ्या ओट्यावर येऊन बसली आणि एकदम रडायला लागली. या बाईला मी रडताना कधी पाहिलं नव्हतं.

“बाई, मी भांडू कोनासंग?” ती म्हणाली. “बुढा समोर बसून रायते. मी तोंडाले येईन ते बोलतो आन् तो हासून राहिला. भितीसंग संसार करून राहिल्यावानी वाट्टे मले.”

त्यांची मुलगी माधवी अमरावतीला नर्स आहे. तिनं बापाला तिथल्या कानाच्या डॉक्टरला दाखवलं. डॉक्टर म्हणाले, उजव्या कानात अजून जीव आहे, चांगलं मशीन लावलं तर ऐकू येईल. चांगल्या मशीनचा भाव ऐकून मात्र शकुनबाईचेच कान बसले. आणि त्याच आठवड्यात तिच्या फोनवर ‘बाजारबुवा’ प्रकटला.

बाजारबुवा म्हणजे ते ऑनलाइन खरेदीचं अॅप. त्यात एक भगव्या फेट्याचा, गालावर खळी पडणारा म्हातारा हात जोडून उभा असतो आणि सुईपासून सोफ्यापर्यंत सगळं घरपोच देतो. शकुनबाईच्या फोनमध्ये ते माधवीनं टाकून दिलं होतं. शकुनबाईनं एक कढई मागवली, ती धड आली, आणि तिथून सगळी गल्ली तिच्या खात्यावर तुटून पडली.

आता तुम्ही म्हणाल, ज्याच्या-त्याच्या हातात फोन आहे, मग दुसऱ्याच्या खात्यावरून कशाला? अहो, आमच्या गल्लीत राहून पाहा! पार्सलवाला ज्याच्या दारात थांबतो, त्याच्या दारात सात बायका थांबतात. ‘काय मांगवलं वं? पाहू दे नं. कितीले पडलं?’ घरात सासू पाहते, नवरा फोन उघडून बघतो, आणि नणंद तर पार्सलची चिकटपट्टी स्वतःच्या हातानं फाडते. शकुनबाईकडे तसं नव्हतं. दारात कायम देवमनभाऊ बसलेले. त्यांच्या हाती पार्सल पडलं की त्यांना काही विचारता येत नसे आणि ते कोणाला काही सांगत नसत. एवढा भरवशाचा माणूस सगळ्या अकोल्यात नव्हता. ज्याला जे गुपचूप हवं असेल ते शकुनबाईच्या कानात सांगायचं, पैसे तिच्या हातात द्यायचे आणि आठ दिवसांनी पदराखालून घेऊन जायचं. या कामाचा एक रुपया तिनं कधी घेतला नाही. उलट चहा पाजला.

अशा त्या खात्यावरून चार वर्षांनी तिनं एकदाच स्वतःसाठी मोठी वस्तू मागवली. कानाचं मशीन. अॅपवर लिहिलं होतं, ‘डिजिटल, गोंगाट गाळणारे, कुजबुजही स्पष्ट.’ खाली लोकांनी कौतुक करून करून कहर केलेला. एकानं तर लिहिलं होतं की त्याच्या आजोबांना आता शेजारच्या गावातलं ऐकू येतं. वसतिगृहातल्या पगारातून साठवलेले होते नव्हते ते सगळे पैसे तिनं भरले आणि पार्सलची वाट पाहत बसली.

पार्सल आलं. आत प्लॅस्टिकचं एक बोंडूक, कापसाच्या बोंडाएवढं, त्याला नळी. देवमनभाऊंनी आंघोळ केली, स्वच्छ सदरा घातला आणि लग्नाला बसल्यासारखे खुर्चीवर बसले. शकुनबाईनं ते कानात घालून बटण दाबलं. जी शिट्टी निघाली म्हणता, कुकर लाजेल! माझ्या घरात ऐकू आली, कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर ऐकू आली, गल्लीतल्या नत्थुजींची म्हैस दोर तोडून पळाली. सगळ्या गल्लीत ती शिट्टी फक्त एकाच माणसाला ऐकू आली नाही. देवमनभाऊ आपले गोड हसत विचारत होते, “चालू केलं काय?”

शकुनबाईनं बाजारबुवाला गाठलं. त्यात बोलून तक्रार करायची सोय आहे. ती म्हणाली, “मशीन नुसती शिट्टी मारून राहिली.”

लगेच उत्तर आलं. “नमस्कार, मी बुवा, आपला मित्र! आपण शिट्टी शोधत आहात का? आज शिट्ट्यांवर भरघोस सूट आहे.”

“अवो, शिट्टी नाई पायजे! शिट्टी वापस घ्या!”

“धन्यवाद! आपली शिट्टी कोणत्या रंगात हवी?”

मी तिच्या हातातून फोन घेतला नसता तर तो मोरणा नदीत गेला असता. मग कुठून तरी जिवंत मुलगी फोनवर मिळाली. तिचं बोलणं साखरेत घोळलेलं. कानाच्या वस्तू आरोग्याच्या कारणानं परत घेत नाहीत, मॅम. पण वर्णन होतं तशी वस्तू नाही, असं म्हटल्यावर ती म्हणाली, आम्ही फक्त बाजार आहोत, विकणारा वेगळा असतो, मॅम. विकणाऱ्याचा पत्ता मागितला तर म्हणाली, तो गोपनीय असतो, मॅम. शेवटी विचारलं, आणखी काही मदत करू का, मॅम? आणखी! हिनं केली काय होती आतापर्यंत?

माझं डोकं फिरलं. मी चष्मा लावून ग्राहक संरक्षणाचा कायदा आणि ऑनलाइन व्यापाराचे नियम वाचून काढले. वाचून चकितच झाले, कारण लिहिणाऱ्यानं आमच्या शकुनबाईला समोर बसवून लिहिल्यासारखे ते होते. विकणाऱ्याचं नाव-गाव ग्राहकाला दिसलं पाहिजे. तक्रार ऐकायला नावानिशी अधिकारी नेमलेला पाहिजे. वर्णनाप्रमाणे नसलेली वस्तू परत घ्यायला नाही म्हणता येत नाही. एवढं सगळं लिहून ठेवलंय, आणि बुवा आम्हाला शिट्टीचा रंग विचारतोय.

“आणि हे पाहा,” मी तिला म्हटलं, “कंपनीचं ऑफिस कुठेही असो, तू राहतेस तिथल्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. अकोल्यात.”

“मंजे त्यायले अथी यावं लागन?”

“हो.”

“उन्हाळ्यात?”

“तारीख तशी पडली तर.”

रडून सुजलेल्या त्या तोंडावर इतक्या दिवसांनी पहिल्यांदा हसू आलं. वकील न लावता आम्ही तक्रार दाखल केली.

कंपनीचं उत्तर आलं आणि ते मला दोनदा वाचावं लागलं. त्यांनी लिहिलं होतं की तक्रारदार ग्राहकच नाही. या एका खात्यावरून, एकाच पत्त्यावर, इतक्या तऱ्हेच्या इतक्या वस्तू गेल्यात की ही बाई माल घेऊन पुन्हा विकणारी दुकानदारीण आहे. धंद्यासाठी घेणाऱ्याला ग्राहकाचा कायदा लागू नाही. सबब तक्रार फेटाळावी. आणि हो, खातंही बंद केलं.

“मी दुकानदारीन?” शकुनबाई तडकली. “कुठं हाये दुकान माह्या घरात? येऊन पाहा म्हना लेकाच्याले!”

मी तिला समजावलं की उपाय सोपा आहे. ज्यांनी ज्यांनी मागवलं त्यांनी यायचं आणि सांगायचं, हे माझं, ते माझं. तिनं मात्र मान हलवली. मग म्हणाली, “नाई बाई. माह्या कानात सांगून गेल्या त्या. मी कोनाचं नाव नाई घेनार.”

“अगं, केस जाईल! मशीन जाईल, पैसे जातील!”

“जाऊ द्या.”

“आणि देवमनभाऊ?”

ती पदराचं टोक पिळत बसली.

आता गल्लीची गंमत ऐका. केसची बातमी फुटली आणि ज्या बायका तिच्याकडे फुकटचा चहा पीत बसायच्या, त्या तिच्या दारावरून मान खाली घालून जायला लागल्या. आमच्या भजनी मंडळाच्या अध्यक्ष रुख्मिणीकाकू स्वतः येऊन सांगून गेल्या, “शकुन, माहं नाव तेवढं घेजो नको वं. मंडळाची इज्जत हाये.” रागिणी म्हणजे कोपऱ्यावरच्या घरची सून. तिनं तर “मी कदी काय मांगवलं?” म्हणून हातच वर केले. शब्बास! संकटात धावून येणारी गल्ली म्हणून आम्ही गणपतीत भाषणं करतो ती हीच.

मी भजनाच्या दिवशी सरळ रुख्मिणीकाकूंच्या घरी गेले आणि टाळ थांबवायला लावले. म्हटलं, “मी पोट कमी करायचा पट्टा मागवला होता. सगळ्यात मोठ्या मापाचा. पोट तिथंच आहे, बघून घ्या! मी येणार आहे आयोगात सांगायला. तुम्ही टाळ कुटा.” एकीनं टाळ वाजवलासुद्धा, एवढ्या त्या कोडग्या.

तारीख भर उन्हाळ्यात पडली. शकुनबाईचं समाधान मात्र झालं नाही, कारण कंपनीचा वकील उन्हात आलाच नाही. तो पडद्यावर आला. कुठल्या तरी थंडगार खोलीत, अंगात काळा कोट, मागे खोटी झाडं. आमच्याकडे कूलर गरम वारा फेकत होता. समोर आयोगाच्या अध्यक्षमॅडम, एका बाजूला शकुनबाई आणि देवमनभाऊ, शेजारी मी. मागच्या बाकांवर पाहते तर गल्ली हजर! रुख्मिणीकाकू, त्यांचे यजमान नत्थुजी, रागिणी आणि तिची सासू. मला वाटलं साक्षीला आले. छे! “नुसतं पाहाले आलो,” रुख्मिणीकाकू हळूच म्हणाल्या. जत्रा समजून आले होते.

वकिलानं घसा साफ केला. “मॅडम, मी ऑर्डर वाचून दाखवतो. एका घरात इतक्या वस्तू लागतात का, हे आयोगानंच ठरवावं.” आणि लागला की वाचायला. मागच्या बाकांवर एकदम अशी शांतता पसरली, की पेपर वाटताना माझ्या वर्गातही कधी पसरली नसेल.

“पोट कमी करण्याचा पट्टा, सर्वांत मोठं माप.”

मी उठले. “माझा.” मॅडमनी माझ्याकडे पाहिलं आणि पुरावा मागितला नाही.

“हातच्या तयार कुरडया, घरगुती चव. सलग चार उन्हाळे.”

रागिणीच्या कुरडया म्हणजे आमच्या गल्लीचा अभिमान. दर उन्हाळ्यात तिची सासू ताटली घेऊन घरोघर वाटते आणि सांगते, “सुनेनं एकटीनं केल्या गच्चीवर.” सासू तिच्या मांडीला मांडी लावून बसलेली. रागिणी खाली पाहत होती. वकील शकुनबाईला म्हणाला, “या कुरडया आपण कोणाला विकल्या?”

शकुनबाई उभी राहिली. तोंड उघडलं, मागे एकदा पाहिलं आणि मिटलं. एवढी तोंडाळ बाई, आणि दुसऱ्यासाठी तोंड मिटून उभी! मला इतका राग आला, इतका राग आला त्या मागच्या बाकांचा, की मीच ओरडणार होते.

“मॅडम, तक्रारदाराकडे उत्तर नाही,” वकील खुशीत म्हणाला. “पुढची वस्तू. पुरुषांसाठी केसांचा टोप, काळाभोर.”

देवमनभाऊंना काही ऐकू येत नव्हतं. ते बायकोचं तोंड पाहत होते. तिचं काहीतरी बिनसलंय एवढं त्यांना कळलं असावं. ते काठी टेकत उठले, तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि भरल्या आयोगात मोठ्यानं म्हणाले, कारण त्यांना दुसरं बोलताच येत नाही, “शकुन, भिऊ नको! मी हाओ!”

मागे बाक करकरला. पाहते तर नत्थुजी उभे. बारा गावचं पाणी प्यायलेला माणूस, पण घाम फुटला होता. “टोप माहा हाये,” ते म्हणाले. “शकुनबाईनं फक्त मांगवून देल्ला.”

“पुरावा?” पडद्यावरून वकील.

“हा काय, घालून हाओ. उतरवू?”

“नको, नको!” मॅडम घाईनं म्हणाल्या.

बांध फुटला. रागिणी उठली आणि सासूकडे न पाहता म्हणाली, “कुरडया मी मांगवल्या. मले कुरडया येतच नाईत.” सासूनं आ वासला तो बराच वेळ तसाच होता. रुख्मिणीकाकूंनी केसांच्या रंगाची जबाबदारी घेतली. भजनी मंडळाच्या इज्जतीचं काय झालं कोण जाणे, पण त्यांचा आवाज मात्र खणखणीत होता. वकील एकेक वस्तू वाचत गेला आणि गल्लीतला एकेक माणूस आपलं पितळ आपल्याच हातानं उघडं करत गेला. बिचाऱ्यानं यादी दुकान सिद्ध करायला आणली होती.

शेवटी मॅडमनी ते बोंडूक मागवलं. वकील म्हणाला, वस्तू उत्तम आहे. मॅडम म्हणाल्या, मग चालवून पाहू. बटण दाबलं. पुढे काही काळ आयोगात शिट्टीशिवाय दुसरं काही ऐकू आलं नाही, आणि सगळ्यांचे हात कानांवर होते. वकिलानं तिकडे कानातला इअरफोन काढून फेकला. देवमनभाऊ मला विचारत होते, “सुरू झालं काय?”

निकाल लागला तो आमच्या बाजूनं. शेजाऱ्यांना फायदा न घेता मागवून देणं म्हणजे धंदा नव्हे. बाई ग्राहकच आहे. वर्णनाप्रमाणे नसलेली वस्तू आरोग्याचं कारण सांगून परत घ्यायला नाही म्हणता येणार नाही, आणि विकणाऱ्याचा पत्ता लपवणाऱ्यानं ‘आम्ही फक्त बाजार’ म्हणू नये. पैसे परत, वर मनस्तापाची भरपाई. खातं बंद होतं तरी पैसे जमा झाल्याच्या दिवशीच बुवाचा निरोप आला, “आमच्यासोबतचा आपला अनुभव कसा होता? तारे द्या!” शकुनबाईनं एक तारा दिला. मी विचारलं एक तरी का, तर म्हणाली, “त्याच्या खाली जाऊच देत नाई लेकाचा.”

परत आलेले पैसे आणि भरपाई मिळून चांगल्या मशीनचा भाव जमला; अमरावतीला जाऊन, कान तपासून, मापाचं मशीन घेतलं. संध्याकाळच्या बसनं दोघं परत आली. मी ओट्यावरच होते. सगळी गल्लीच ओट्यावर होती, कशाला लपवू? सगळ्यांना पहिलं भांडण ऐकायचं होतं.

देवमनभाऊ दारात आपल्या जागी बसले. शकुनबाई समोर येऊन उभी राहिली आणि तिला बोलताच येईना. इतके दिवस त्या माणसाच्या तोंडावर ती काय काय बोलली होती! आता ऐकायला कान आले, तर शब्द निघेना. नुसती पदर सावरत उभी.

“बस अथी,” देवमनभाऊ म्हणाले. इतक्या हळू आवाजात ते बोलू शकतात हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. “मले आयकू येत नव्हतं तवा तू रोज काई ना काई बोलून राहायची. तुहे ओठ दिसत होते नुसते. ते सारं आता पुन्हा सांग.”

“सारं?”

“सारं.”

“शिव्या बी?”

“त्याच पयल्या सांग.”